आनंदीबाईंचा क्षय आणि शरीराचा पहारा

कल्याण हे वाटांचे शहर. सातवाहनांच्या काळात बंदरात उतरलेला माल येथून मुरबाडमार्गे सह्याद्रीच्या पायथ्याकडे जाई, आज जेथे वैशाखरे गाव आहे त्या परिसरातून नाणेघाटाची चढण चढे आणि जुन्नरच्या बाजारपेठेत पोहोचे. १८५४ मध्ये आगगाडी कल्याणला आली आणि वाटांचा रोख बदलला. या गावात, जुन्या वळणाच्या जोशी घराण्यात वाढलेल्या यमुना नावाच्या मुलीने पुढे जी वाट धरली, ती मात्र ना व्यापाऱ्यांच्या तांड्यांनी आखून दिलेली होती ना रेल्वेच्या रुळांनी. ती वाट तिला अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी घेऊन गेली. महाराष्ट्र तिला डॉ. आनंदीबाई जोशी या नावाने ओळखतो.

आनंदीबाईंची कथा मराठी माणसाला नवी नाही. शालेय पुस्तकांतून, कादंबरीतून, रंगभूमीवरून आणि पडद्यावरून ती वारंवार सांगितली गेली आहे. तथापि, तिचा एक पदर बहुधा निसटतो. ज्या क्षयरोगाने त्यांचा वयाच्या बाविसाव्या वर्षी बळी घेतला, त्या रोगाचा जंतू त्या परदेशी जाण्याची तयारी करीत असतानाच प्रथम जगासमोर आला होता. त्या जंतूला कोणाचे शरीर रोखून धरते आणि कोणाचे शरीर त्याच्यापुढे हार खाते, हा प्रश्नही त्याच वर्षांत जन्माला आला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्याचे उत्तर शोधण्याचे काम अद्याप चालू आहे. त्या उत्तराच्या प्रकाशात आनंदीबाईंचे आयुष्य पाहिले, तर त्यांच्या अकाली मृत्यूचा अर्थ काहीसा निराळा दिसू लागतो.

यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. वडील गणपतराव जोशी. घराण्याचा पूर्वीचा दिमाख ओसरलेला होता आणि मुलगी नवव्या वर्षात आली की तिच्या लग्नाची चिंता करावयाची, हा त्या काळचा रिवाज होता. वर मिळाला तो टपाल खात्यात नोकरी करणारा, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा बिजवर, गोपाळराव जोशी. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव हे विक्षिप्त गृहस्थ. पत्नीला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास. तो इतका तीव्र होता की शिकवताना ते कठोर होत आणि प्रसंगी हातही उगारत. आनंदीबाईंच्या शिक्षणाचा पाया त्यांनी घातला हे जितके खरे, तितकेच त्या शिक्षणाची किंमत एका कोवळ्या मुलीने सोसली हेही खरे.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो दगावला. वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही खंत त्यांच्या मनातून कधी गेली नाही. पुरुष डॉक्टरासमोर जाण्यास स्त्रिया संकोचत आणि भारतीय स्त्री डॉक्टर तर देशात नव्हत्याच. आपणच डॉक्टर व्हावे, हा निश्चय त्या दुःखातून आकाराला आला.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर संसार अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि श्रीरामपूर असा फिरत राहिला. पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे गोपाळरावांचे पत्र १८८० मध्ये अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात ते सहज चाळले आणि त्या थेट आनंदीबाईंशी पत्रव्यवहार करू लागल्या. समुद्रापलीकडच्या या परक्या बाईंना आनंदीबाईंनी मावशी मानले. त्या मावशीला लिहिलेल्या पत्रांतूनच आनंदीबाईंच्या प्रकृतीची पहिली चिन्हे दिसतात. सततची डोकेदुखी, अधूनमधून येणारा ताप, अशक्तपणा आणि लागणारी धाप यांची ती हकिगत होती. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. प्रवासाला निघण्यापूर्वीच हे शरीर थकलेले होते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जाणार हे इंग्रजीतून सांगितले. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हा त्या भाषणाचा गाभा. वय अठराही पूर्ण नव्हते. एप्रिलमध्ये त्या पतीविना, मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या.

या भाषणाच्या अकरा महिने आधी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी शास्त्रज्ञांच्या एका छोट्या सभेत क्षयाचा जंतू सप्रमाण दाखविला होता. जगातील दर सात मृत्यूंपैकी एक क्षयाने होतो, असा त्यांचा हिशेब होता. तोवर क्षय हा आनुवंशिक दोष, दूषित हवेचा परिणाम किंवा नाजूक प्रकृतीचा भोग मानला जाई. कॉख यांनी त्याला एक ठोस कारण दिले. परंतु त्याबरोबरच एक नवे कोडेही पुढे आले. जंतू जर हवेतून पसरतो, तर एकाच घरात, एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांपैकी एकालाच तो का पाडतो?

त्या कोड्याच्या उत्तराची पहिली चाहूलही त्याच सुमारास लागली. १८८२ च्या अखेरीस इटलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात एक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्याला दिसला. शरीरात परके काही शिरले की त्याला वेढून गिळणाऱ्या पेशी असतात, हा त्याचा निष्कर्ष आजच्या रोगप्रतिकारशास्त्राचा एक आधारस्तंभ आहे. आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या वर्गात बसल्या तेव्हा जंतू आणि भक्षक पेशी या दोन्ही कल्पना नव्याकोऱ्या होत्या, आणि दोन्हींना कडवे विरोधक होते.

पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडले यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीचीही सोय झाली. पुढची तीन वर्षे हा खडतर तपच होता. बर्फाळ हिवाळा आणि अंगावर लुगडे. राहत्या खोलीतील शेकोटी नीट पेटत नसे. धूर सोसावा की थंडी, एवढीच निवड हाती होती. शाकाहाराचे व्रत त्यांनी सोडले नाही, आणि परक्या मुलखातील शाकाहाराने पोट भरले तरी अंगी लागत नसे. अभ्यासाचा ताण होताच. शिवाय अमेरिकेत आपल्या धर्माविषयी सतत उत्तरे द्यायची आणि मायदेशात आपण बाटलो नाही हे सिद्ध करायचे, असा दुहेरी भार होता. खोकला, ताप आणि थकवा यांनी त्यांची पाठ सोडली नाही.

तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोहोचले होते. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. ज्या कारणासाठी समुद्र ओलांडला, ते काम समोर वाट पाहत होते. मात्र १८८६ च्या अखेरीस बोटीतून मुंबईला उतरलेल्या आनंदीबाई रुग्ण तपासण्याच्या नव्हे, स्वतः रुग्णशय्येवर पडण्याच्या अवस्थेत होत्या. हवापालट झाला, वैद्यांचे उपचार झाले. क्षय हटला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभराचा अवधी होता. एकाही दिवसाची नोकरी न करता एका डॉक्टरची कारकीर्द संपली.

मृत्यूनंतर समाजाने आपापल्या परीने कारणे शोधली. कोणाला समुद्रोल्लंघनाचे पाप दिसले, कोणाला स्त्रीने मर्यादा ओलांडल्याचे फळ दिसले. सुधारकांनी थंड हवेला आणि अतिश्रमांना दोष दिला. गोपाळरावांनी त्यांच्या सहवासात वर्षे काढली होती, बोटीचा परतीचा प्रवासही एकत्र केला होता. ते पत्नीमागे कित्येक वर्षे जगले. एक जाते आणि एक राहते, याचा उलगडा त्या काळी नशिबाखेरीज दुसऱ्या शब्दात करणे कोणालाच शक्य नव्हते.

आज या उलगड्याचा बराचसा भाग हाती आहे. क्षयरोगी खोकला की अतिसूक्ष्म तुषारांतून जंतू हवेत येतात आणि दुसऱ्याच्या फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे मेचनिकॉफच्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. इतर जंतू त्या गिळण्यात मरतात. क्षयाचा जंतू मात्र भक्षकाच्या पोटातच बिऱ्हाड करतो. मग शरीर दुसरी फळी पाठवते. टी पेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशी शत्रूला ओळखतात, गॅमा इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडतात आणि त्या इशाऱ्यावर भक्षक पेशींच्या अंगी जंतू मारण्याचे बळ येते. जे जंतू उरतात त्यांच्याभोवती पेशींची तटबंदी उभी राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूची लागण कधी ना कधी झालेली असते. त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकच आयुष्यात केव्हातरी आजारी पडतात. उरलेल्यांच्या शरीरातील तटबंदी टिकते.

ही तटबंदी कोणाची टिकेल, हे रक्ताच्या थेंबावरून आधीच सांगता येईल काय, हा आजच्या संशोधनाचा ध्यास आहे. टी पेशी सक्रिय झाली की तिच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट प्रथिने उमटतात. पहाऱ्यावर चढलेल्या शिपायाने छातीवर बिल्ला लावावा, तशी ही खूण. सीडी-६९ ही खूण काही तासांत दिसते. सीडी-३८ आणि एचएलए-डीआर या खुणा उशिरा उमटून अधिक काळ टिकतात. पेशींना चमकणारी द्रव्ये लावून त्यांना एकेक करून लेझरच्या झोतापुढून नेले की कोणत्या पेशीवर कोणता बिल्ला आहे, याची मोजदाद होते.

सर्वसाधारण समज असा की जितके शिपाई जागे, तितके घर सुरक्षित. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील एका अभ्यासाने या समजाला धक्का दिला. बीसीजी लस दिलेल्या तान्ह्या मुलांच्या रक्तात एचएलए-डीआरची खूण असलेल्या टी पेशी ज्यांच्यात अधिक होत्या, त्या मुलांना पुढे क्षय होण्याचा धोका अधिक आढळला. याउलट बीसीजीला नेमके ओळखून गॅमा इंटरफेरॉन सोडणाऱ्या पेशी ज्यांच्यात अधिक, त्यांचा धोका कमी होता. अन्य विषाणूंच्या संसर्गामुळे शरीर सतत खवळलेले राहणे, हे या सक्रियतेचे एक कारण असावे, असे नंतरच्या कामातून पुढे आले. रात्रभर आरोळ्या ठोकत फिरणारा पहारेकरी पहाटे नेमका चोर आला की पेंगतो. त्याहून चोराचा चेहरा ओळखणारा, शांत बसलेला पहारेकरी बरा.

युगांडातील कम्पाला येथे क्षयरोग्यांच्या घरात वर्षानुवर्षे राहूनही ज्यांच्या चाचण्यांत लागण दिसली नाही, अशा लोकांच्या रक्ताचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीची रक्तचाचणी गॅमा इंटरफेरॉन मोजते. तीत हे लोक कोरे ठरले होते. टी पेशींवरील सक्रियतेच्या अन्य खुणा तपासल्यावर मात्र त्यांच्या शरीराने जंतूला पूर्वीच पाहिले असल्याचे दिसून आले. जंतू त्यांच्या दारावरून गेलेला नव्हता, तो आत आला होता. त्यांच्या शरीराने त्याला निराळ्या रीतीने तोंड दिले होते. म्हणजे क्षयाला पुरून उरण्याची वाट एकच नाही.

लशीच्या बाबतीतही हाच धडा मिळाला आहे. काल्मेट आणि ग्वेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांची बीसीजी लस प्रथम १९२१ मध्ये एका बालकाला दिली गेली. बालकांमधील मेंदूच्या व सर्वांगी पसरणाऱ्या क्षयापासून ती चांगले रक्षण करते. परंतु तामिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयाला तिने आळा घातल्याचे दिसले नाही. म्हणूनच नव्या लशी शोधताना पेशींवरील या खुणांना महत्त्व आले आहे. लस कोणत्या पेशींना जागे करते आणि ते जागेपण उपयोगाचे आहे की नुसता गोंगाट, हे त्यांवरून कळू शकेल.

मात्र प्रयोगशाळेतील हे सारे ज्ञान अखेर एका साध्या वस्तूपाशी येऊन थांबते. ती वस्तू म्हणजे ताटातील अन्न. उपाशी शरीरात टी पेशी घटतात, त्यांचा इशारा क्षीण होतो आणि तटबंदीला भेगा पडतात. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते आकड्यांत दाखविले. ज्या घरांत रुग्णाच्या आप्तांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे पुरविली गेली, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. लस नव्हे, नवे औषध नव्हे. केवळ पोटभर आहार.

हे वाचताना फिलाडेल्फियातील ती धुराने कोंदलेली खोली आणि अपुरे जेवण आठवल्यावाचून राहत नाही. लहान वयातले बाळंतपण, मुलाचा शोक, गावोगावच्या बदल्या, पतीचा धाक, परदेशातील हिवाळा, अर्धपोटी अभ्यास आणि दोन खंडांतील टीकाकारांना एकाच वेळी तोंड देण्याचा ताण, असे एकेक ओझे त्यांच्या शरीरावर चढत गेले. जंतूला आत येण्यास एक श्वास पुरतो. त्याला मोकळे रान मिळण्यास मात्र अशी वर्षे लागतात. आनंदीबाईंचा निश्चय पोलादी होता यात शंका नाही. परंतु मनाचा निश्चय आणि शरीराचा पहारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्याच्या भरवशावर दुसऱ्याची उपेक्षा झाली की काय होते, याचे त्यांचे आयुष्य हे करुण उदाहरण आहे. चरित्रकारांनी त्यांच्या त्यागाचा गौरव केला तो योग्यच; तथापि, तो त्याग अटळ होता असे मानणे बरोबर नाही. तो त्यांच्यावर परिस्थितीने लादला होता.

त्या परिस्थितीचा काही अंश आजही आपल्याजवळ आहे. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता वैशाखऱ्यावरून जातो. शनिवार-रविवारी नाणेघाटाकडे निघालेल्या शहरी गाड्यांची तेथे रीघ लागते. याच मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. भातशेती पावसावर, आणि पावसाळा सरला की अनेकांना वीटभट्टीची किंवा शहरातील मजुरीची वाट धरावी लागते. ज्या घरात कमावता माणूसच महिनोन्‌महिने कामासाठी बाहेर असतो, तेथे दोन आठवड्यांचा खोकला म्हणजे आजार नव्हे, तो अंगावरच काढला जातो. आनंदीबाईंच्या काळी क्षयावर औषध नव्हते. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि आज नेहमीचा क्षय सहा महिन्यांच्या नियमित, सरकारी केंद्रांतून मोफत मिळणाऱ्या औषधांनी बरा होतो. अडचण औषधाची उरलेली नाही. वेळेवर थुंकी तपासण्याची, गोळ्या न चुकता पुऱ्या करण्याची आणि त्या सहा महिन्यांत घरातील सर्वांच्या ताटात डाळ असण्याची आहे.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १८८८ मध्ये, कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे चरित्र लिहिले. पुढे शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव दिले गेले. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या आणि त्या मावशीने आपल्या कुटुंबाच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत त्यांना विसावा दिला. कोल्हापूरच्या रुग्णालयातील जी खुर्ची त्यांच्यासाठी राखलेली होती, तिच्यावर त्या कधी बसल्या नाहीत. आज देशातील वैद्यकीय महाविद्यालयांतून हजारो मुली डॉक्टर होऊन बाहेर पडतात आणि त्यांतील काही ग्रामीण रुग्णालयांत खोकणाऱ्या बाईची थुंकी तपासणीला पाठवितात. आनंदीबाईंना करावयाचे होते ते काम हेच होते.